लेबलवरचं तिसरं नाव

१९२७ साल. रिओ द जनेरोतल्या एका इस्पितळात बावीसेक वर्षांचा एक तरुण खाटेवर पडून आहे. त्याला भेटायला गल्लीतला दोस्त येतो. नाव आल्सेबियादेस बार्सेलोस, पण सगळे त्याला बिदे म्हणतात. धंद्याने चांभारकाम करणारा, बुटांच्या कारखान्यात राबणारा. बिदेने प्रकृतीची विचारपूस केलीच असणार, पण तो मुळात निरोप घेऊन आला होता : गायक फ्रान्सिस्को आल्वेसला तुझा एक सांबा, म्हणजे गाणं, विकत हवाय. देतोस का?

खाटेवरचा तरुण म्हणजे इस्माएल सिल्वा. त्याने सांबा दिला. पैसे मिळाले. पुढच्या वर्षी ‘मी फास कारिन्योस’ची तबकडी बाजारात आली आणि गाजली. लेबलवर आल्वेसचं नाव होतं, इस्माएलचं नव्हतं.

सांब्याचा इतिहास सांगताना हा प्रसंग बहुधा दोन ओळींत उरकला जातो : श्रीमंत गायकाने गरीब कवीला लुबाडलं, पुढे चला. मला ते पटत नाही. लुबाडणूक झालीच नाही असं मी म्हणत नाही. पण या एका सौद्यातून पुढे जो दुसरा, जास्त गुंतागुंतीचा करार जन्माला आला, त्यानेच इस्माएलला नाव दिलं आणि त्यानेच त्याला अडकवलंही. म्हणून तो करार नीट उलगडून बघायला हवा.

विकायला नेमकं होतं काय

आधी एक अडचण समजून घेऊ. त्या काळी सांबा हा रिंगणातला प्रकार होता. माणसं गोल करून बसायची किंवा उभी राहायची, कुणीतरी एक धृपद टाकायचं, बाकीचे ते उचलायचे, आणि मधल्या कडव्यांत ज्याला जे सुचेल ते तो जागच्या जागी रचून म्हणायचा. धृपद पक्कं, कडवी मोकळी. गाणं पूर्ण झालं असं कुणी कधी जाहीर करत नसे. आपल्याकडे अभंगाच्या शेवटी ‘तुका म्हणे’ येतं, लावणीत शाहिराची छाप येते, म्हणजे गाणं कितीही तोंडांतून फिरलं तरी नाव त्याच्या पोटात शिवलेलं राहतं. रिओच्या रिंगणात ती सोय नव्हती.

अशा गाण्याला मालक कसा चिकटतो, याचा धडा दहा-अकरा वर्षांपूर्वी मिळालाच होता. २७ नोव्हेंबर १९१६ रोजी दोंगा नावाच्या वादकाने राष्ट्रीय ग्रंथालयात जाऊन ‘पेलु तेलेफोनी’ हा सांबा स्वतःच्या नावावर नोंदवला. तो सांबा तिया सियाता या बाहियाकडच्या बाईंच्या घरी जमणाऱ्या मंडळींत घडला होता. नोंदणी झाली, १९१७च्या सुरुवातीला तबकडी आली, शहरभर वाजली, आणि त्या घरी उठबस असलेल्या बाकीच्यांनी आरडाओरडा केला की हे तर आपल्या सगळ्यांचं. उपयोग काय? कागद दोंगाकडे होता. १९२०च्या दशकात ‘सांब्याचा राजा’ म्हणवून घेणाऱ्या सिन्योच्या तोंडी तर एक वाक्य कायमचं चिकटलं आहे : सांबा म्हणजे पाखरू, जो पकडेल त्याचं. त्याच्यावरही गाणी ढापल्याचे आरोप झाले होते, तेव्हा हे तत्त्वज्ञान त्याला सोयीचंच होतं.

थोडक्यात, रिंगणात गाण्याला किंमत नव्हती. लेबलावर नाव छापून आलं की किंमत यायची. आणि लेबलापर्यंत जायचा रस्ता मोजक्या गायकांच्या हातात होता.

एस्तासियोचा पोरगा

इस्माएल जन्मला १४ सप्टेंबर १९०५ रोजी, खाडीपलीकडच्या नितेरोइ शहरात, जुरुजुबा नावाच्या कोळीवस्तीत. वडील लहानपणीच गेले. आई कपडे धुऊन पोट भरायची. ती पोरांना घेऊन रिओत आली. त्याच्याबद्दल एक गोष्ट सांगतात की सात वर्षांचा असताना तो एकटाच शाळेत जाऊन उभा राहिला आणि मला शिकायचंय, नाव घाला, म्हणाला. त्या वस्तीच्या मानाने तो पुष्कळ शिकला. पुढे जे झालं त्यात या शिक्षणाचा वाटा आहे, कारण कागदावर नाव असण्याला काय अर्थ असतो हे त्याला त्याच्या सोबत्यांपेक्षा लवकर उमगलं असावं. (हा माझा अंदाज. पण पुढचं वागणं बघता फार चुकीचा नसावा.)

एस्तासियो ही वस्ती शहराच्या मध्याला लागून. वर साओ कार्लोसची टेकडी, बाजूला मांगीचा वेश्यावस्तीचा भाग, खाली चौकात दारूचे गुत्ते आणि कॅफे. बार आपोलोमध्ये इस्माएलच्या टोळक्याचा अड्डा. दिवसा कुणी चांभार, कुणी लेथवर, आणि बरेच जण काहीच नाही : पत्ते, जुगार, छानछोकी कपडे, पोलिसांशी लपाछपी. यांना पोर्तुगीजमध्ये ‘मलांद्रो’ म्हणतात. मराठीत नेमका एक शब्द नाही. ‘छक्केपंजे करून जगणारा, पण इस्त्री मोडू न देणारा’ अशी काहीतरी फोड करावी लागेल. इस्माएल स्वतः म्हातारपणीही पांढऱ्याशुभ्र सुटात वावरायचा.

या पोरांनी सांब्याचा ठेकाच बदलला. इथे जरा थांबतो, कारण आल्वेसला विकत हवं होतं ते हेच.

जुना सांबा, म्हणजे दोंगा-सिन्योचा, माशिशे या नाचाच्या अंगाने जायचा. त्याचं हाड आठ ठोक्यांचं : तीन, तीन, दोन. टेबलावर बोटांनी वाजवून बघा, लगेच जमेल. गोड आहे, घरातल्या नाचाला छान आहे, पण लवकर गोल फिरून जागेवर येतो. एस्तासियोवाल्यांचं आवर्तन सोळा ठोक्यांचं झालं, आणि ते सोळा आपल्या तीनतालासारखे चार-चारच्या खणांत बसत नाहीत. तांबोरिम या छोट्या चामडी वाद्यावर ते सात आणि नऊ असे तिरके तुटतात. वरचा ठेका सतत निसटतोय असं वाटतं आणि खालून सुर्दो नावाचा मोठा ढोल पाऊल धरून ठेवतो. हा सुर्दो बिदेने लोण्याच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यावर चामडं ताणून बनवला असं मानतात. गायकाला यात सूर लांबवायला जागा मिळते, आणि रस्त्यावर चालणाऱ्याला पुढे ढकलणारा धक्का मिळतो.

इस्माएलने पुढे पत्रकार सेर्जियो काब्राल यांना हे तोंडानेच वाजवून दाखवलं होतं. जुना सांबा ‘तान तानतान तान तानतान’ असा होता, म्हणाला, तो गात रस्त्याने चालायचं कसं? म्हणून आम्ही केला : ‘बुम बुम पाचिकुम्बुम प्रुगुरुन्दुम’.

चालायचं होतं, कारण त्यांना कार्निव्हलला पोलिसांचा मार न खाता रस्त्यावर उतरायचं होतं. १२ ऑगस्ट १९२८ रोजी इस्माएल, बिदे, निल्तोन बास्तोस आणि मंडळींनी ‘देइशा फालार’ नावाचं मंडळ काढलं. नावाचा अर्थ, बोलू द्या लोकांना. जवळच शिक्षक घडवणारी शाळा होती. इस्माएल म्हणायचा, तिथून मास्तर बाहेर पडतात, आमच्याकडून सांब्याचे मास्तर बाहेर पडतील, म्हणून आमचीही शाळा. ‘सांबा शाळा’ हा शब्द आज जगभर गेलाय तो इथून, निदान इस्माएलच्या सांगण्याप्रमाणे. गंमत अशी की १९३२ साली प्रासा ओन्झे चौकात सांबा शाळांची पहिली स्पर्धा झाली, मांगेइरा जिंकली, आणि ही पहिली शाळा त्यात नव्हतीच. ती त्या वर्षी जास्त प्रतिष्ठित समजल्या जाणाऱ्या ‘रांशो’ प्रकारात उतरली आणि लवकरच विसर्जित झाली.

दुसरा सौदा

आता आल्वेस. १८९८चा जन्म, बाप पोर्तुगीज, दारूचं दुकान चालवणारा. स्वतः काही काळ टॅक्सी चालवलेला. म्हणजे हाही सोन्याचा चमचा घेऊन आलेला नव्हे. पण आवाज दमदार, आणि १९२७ साली ब्राझीलमध्ये विजेवरचं ध्वनिमुद्रण सुरू झालं तेव्हा ओडिऑन कंपनीचा तो पहिला गायक. दर हंगामाला त्याला नवी गाणी लागायची आणि नवा ठेका कुठे शिजतोय हे ओळखण्याइतका त्याचा कान तिखट होता. तो स्वतः एस्तासियोच्या गुत्त्यांत जाऊन बसायचा. बिदेचा ‘आ मलांद्राजें’ त्याने १९२८मध्ये गायला, तिथेही लेबलवर आल्वेस आहेच.

सुरुवातीला इस्माएलने सांबे सरळ विकले. मग त्याने पवित्रा बदलला : गाणी घे, पण माझं नाव राहील. आल्वेसने उलट अट घातली : तू जे करशील ते मी मुद्रित करीन, पण रचनाकार म्हणून माझंही नाव लागेल, आणि गाणी दुसऱ्याकडे जाणार नाहीत. इस्माएलने यावर आणखी एक अट टाकली, आणि माणूस म्हणून मला तो इथे सगळ्यात आवडतो. निल्तोन बास्तोसलाही आत घ्यायचं. निल्तोन हा त्याचा जोडीदार, लष्करी कारखान्यात लेथवर काम करणारा, वयाने मोठा, पुढे होऊन बोलणाऱ्यातला नव्हे.

म्हणून तीन नावं. इस्माएल सिल्वा, निल्तोन बास्तोस, फ्रान्सिस्को आल्वेस. गाणं एकट्या इस्माएलने केलेलं असो, दोघांनी मिळून असो, लेबल तेच. या व्यवहाराला रिओत एक झकास शब्द होता : ‘कोंप्रोझितोर’. रचनाकार म्हणजे ‘कोंपोझितोर’, विकत घेणं म्हणजे ‘कोंप्रार’. दोन्ही एका घासात.

फळ पाहायचं तर १९३१च्या कार्निव्हलमधला ‘सी व्होसे जुरार’ घ्या. आल्वेसबरोबर मारियो रेइस गायला, उच्चभ्रू घरातला, कायदा शिकलेला पोरगा. जोडी मोठी विजोड : एकजण छाती फुगवून गाणारा, दुसरा मायक्रोफोनशी गप्पा मारल्यासारखा. गाण्यातला मलांद्रो बाईला सांगतो की तू खरंच प्रेमाची शपथ घेणार असशील तर मी सुधारेन. पण नाटक करणार असशील तर माझं हे मोकळं जगणं मी सोडणार नाही. बस्स, एवढंच. पण दोन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. एक, बोलणारा ‘सुधारणे’ हा शब्द वापरतो तो पोलीस आणि मॅजिस्ट्रेट वापरतात तसा, म्हणजे प्रेमाची बोली आणि कोठडीची बोली एकाच ओळीत बसतात. दुसरं, कडवी आता रिंगणात सुचतील तशी नाहीत, बांधलेली आहेत. तबकडीच्या एका बाजूला तीनेक मिनिटं मावतात. त्यात सुचायची वाट कोण बघणार? धृपद पक्कं, कडवी मोकळी, हा जुना नियम इथे मोडला. सांबा ‘लिहिलेलं गाणं’ झाला, आणि लिहिलेलं झाल्यावरच त्याला लेखक हवा झाला. ज्या व्यवस्थेने इस्माएलच्या नावाचा तिसरा हिस्सा खाल्ला, तिनेच त्याला लेखक असण्याची गरज निर्माण केली.

हिशेब कोणाच्या बाजूने

आल्वेसच्या बाजूने बोलणारेही आहेत. तो गिटार वाजवायचा, चालीत इकडेतिकडे हात फिरवायचा, गाणं तबकडीत बसवायचा. त्याच्या आवाजाशिवाय हे सांबे टेकडीवरच विरले असते. यातलं शेवटचं खरं मानायला हरकत नाही. पण आवाज दिला म्हणून गायकाचे पैसे मिळत होतेच. रचनाकाराचा वाटा वेगळा, तो कशाचा? दरवाजा उघडल्याचा. साध्या मराठीत दलाली. आणि दलाली म्हणून पाहिली तर एक-तृतीयांश फार होते.

तरीही माझ्या मते कराराचा खरा काच तिसऱ्या नावात नव्हता, ‘दुसऱ्याकडे जाणार नाहीत’ या अटीत होता. नाव वाटून घेतल्याने पैसा कमी झाला. वाट एकच ठेवल्याने माणूस परावलंबी झाला. सरळ विकून मोकळे झालेल्या कितीतरी जणांची नावं आज कुणालाच ठाऊक नाहीत, हेही खरं. इस्माएल एक-तृतीयांश देऊन तेवढा वाचला.

८ सप्टेंबर १९३१ रोजी निल्तोन क्षयाने गेला. लेबलवरची मधली जागा रिकामी झाली आणि तिथे एक विलक्षण माणूस आला : रिओतल्याच व्हिला इझाबेल या वस्तीतला, डॉक्टरकी अर्धवट सोडलेला, विशीतला नोएल रोझा. गोरा, मध्यमवर्गीय, भाषेचा जादूगार. इस्माएल बहुधा धृपद आणायचा, नोएल कडव्यांवर बसायचा. निल्तोनच्या आठवणीत रचलेला ‘आदेउस’, ‘पारा मी लिव्हरार दु माल’, ‘आ रझाँव दा-सी आ केम तेम’ ही याच जोडीची. टेकडीखालचा काळा पोरगा आणि नोएल यांचं बरोबरीने गाणं बांधणं त्या काळच्या रिओत नवलाचं होतं. तिसरं नाव अर्थात जागेवर. नोएलचाही आल्वेसशी हिशेब होता. त्याने आल्वेसकडून जुनी मोटार घेतली आणि पैसे सांब्यांत फेडले, असं सांगतात.

मग १९३०च्या दशकाच्या मध्याआधी इस्माएल आणि आल्वेसचं फाटलं. आणि करार संपल्यावर काय उरलं ते दिसलं : दुसऱ्या गायकांशी जुळवलेलं काही नाही, कंपनीत ओळख नाही, आल्वेसच्या तोंडून वाजलेली गाणी मात्र आल्वेसची म्हणून प्रसिद्ध. त्यातच एका भांडणात इस्माएलने एकावर गोळी झाडली. शिक्षा झाली, चांगल्या वागणुकीमुळे मुदतीआधी सुटला. पण तोवर १९३७च्या मे महिन्यात नोएल सव्विसाव्या वर्षी गेला होता, रेडिओने सांब्याला नवे चेहरे दिले होते, आणि इस्माएल स्वतःच लोकांना चुकवू लागला. पुष्कळांना तो मेलाच असं वाटलं.

या सगळ्याला करार जबाबदार आहे असं म्हणणं अन्यायाचं होईल. गोळी त्याने स्वतः झाडली. पण तुरुंगातून सुटलेल्या रचनाकाराच्या हातात दोन-चार वाटा असत्या तर तो इतका नाहीसा झाला असता का, हा प्रश्न मला सोडत नाही.

आंतोनिकोला विनंती

१९५० साली आल्सिदेस जेरार्दी या गायकाने ‘आंतोनिको’ मुद्रित केला. हा सांबा म्हणजे एक चिठ्ठी आहे. कुणीतरी आंतोनिकोला विनवतोय : नेस्तोर फार अडचणीत आहे रे, त्याच्यासाठी काहीतरी बघ, सांबा शाळेत वाद्यं वाजवणारा तोच तो, सांब्यात त्याच्यासारखं कुणाला जमत नाही, हे माझ्यासाठी केल्यासारखं कर. ना गळा काढणं, ना आळ घेणं. ओळखीच्या माणसाकडे शब्द टाकताना आपण जसा आवाज खाली करतो, तसा सूर. नेस्तोर म्हणजे इस्माएलच, असं ऐकणाऱ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. आणि या गाण्यावर नाव एकच आहे.

त्यानंतर तो हळूहळू परतला. १९५५ साली स्वतःच्या आवाजात लाँग प्ले आली. शीर्षकाचा अर्थच ‘सांबा, सांबावाल्याच्या आवाजात’. आवाज पातळ, वय झालेलं, आल्वेसचा दणका त्यात औषधालाही नाही. तरी ठेका कुठे निसटतो आणि कुठे पडतो हे त्यात जितकं स्वच्छ ऐकू येतं तितकं जुन्या तबकड्यांत येत नाही, कारण तिथे ऑर्केस्ट्रा वरून सारवतो. आल्वेस हे ऐकायला नव्हता. १९५२मध्ये मोटार अपघातात तो गेला आणि त्याच्या अंत्ययात्रेला सारं रिओ लोटलं. साठच्या दशकात जुन्या पिढीतला सांबा रचनाकार कार्तोला आणि त्याची बायको झिका यांच्या झिकार्तोला खानावळीत तरुण पोरं या म्हाताऱ्यांना ऐकायला गर्दी करू लागली. १९७१मध्ये गाल कोस्ताने ‘आंतोनिको’ गायला आणि नवी पिढी नेस्तोरची चौकशी करू लागली. इस्माएल मात्र शहराच्या मध्यात भाड्याच्या खोलीतच राहिला.

याच काळात सेर्जियो काब्राल यांनी दोंगा आणि इस्माएलला समोरासमोर बसवून विचारलं, खरा सांबा कोणता? दोंगा म्हणाला, ‘पेलु तेलेफोनी’. इस्माएल म्हणाला, छे, तो तर माशिशे. मग सांबा कोणता? इस्माएलने ‘सी व्होसे जुरार’ म्हणून दाखवला. दोंगा म्हणाला, हा सांबा कसला, ही तर मार्श, म्हणजे कूच करायची चाल. दोघंही आपापल्या कानाने बरोबर होते. मला यात गंमत वाटते ती अशी की एकाने सामुदायिक गाण्यावर एकट्याचं नाव लावलं होतं, दुसऱ्याने स्वतःच्या गाण्यावर तीन नावं सोसली होती, आणि भांडण चाललं होतं ठेक्यावर. नावाचा विषय कुणी काढला नाही.

इस्माएल १४ मार्च १९७८ रोजी वारला. चार वर्षांनी, १९८२च्या कार्निव्हलला, इम्पेरियो सेरानो ही सांबा शाळा मार्केस दी सापुकाइच्या रस्त्यावर उतरली आणि हजारो माणसं एकाच वेळी ‘बुम बुम पाचिकुम्बुम प्रुगुरुन्दुम’ गाऊ लागली. त्या वर्षीचं विजेतेपद त्यांनाच मिळालं. गाण्याचे रचनाकार म्हणून बेतो सें ब्रासो आणि आलुइझियो माशादो अशी दोन नावं लागतात. तोंडाने वाजवून दाखवलेला ठेका कुणी नोंदवत नसतो.